सुबाभूळ आणि जनावरांची अवटू ग्रंथी

सुबाभळीचा पाला दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात खाल्ल्याने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या अवटू, म्हणजेच थायरॉइड, ग्रंथीचे कार्य मंदावते. या विकाराला सामान्यतः सुबाभूळ-विषबाधा असे म्हटले जाते. पाल्यातील मिमोसीन या ॲमिनो अम्लापासून जनावराच्या पोटात एक दुसरा पदार्थ तयार होतो आणि तो अवटू ग्रंथीतील एका विशिष्ट प्रथिनाला आयोडीन जोडले जाण्याची क्रिया रोखतो. परिणामी ग्रंथी वाढते, तिची संप्रेरके रक्तात कमी पडतात आणि हृदय, स्नायू, यकृत, मेंदू अशा दूरदूरच्या ऊतींमधील प्रथिनांच्या रचनेत व कार्यात फेरबदल होतात. आयोडीनची उणीव नसतानाही गलगंड होऊ शकतो, याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

सुबाभूळ आणि उरुळी कांचन

सुबाभूळ, शास्त्रीय नाव ल्युसीना ल्युकोसेफला, हा शिंबावंत कुळातील वृक्ष मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहे. तो झपाट्याने वाढतो, छाटला की पुन्हा फुटतो, मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र स्थिर करतो. त्याच्या पाल्याच्या शुष्क भारात सुमारे एकपंचमांश ते एकचतुर्थांश प्रथिने असतात. कोरडवाहू मुलखातील पशुपालकाला याहून अधिक काय हवे असते?

महाराष्ट्रात या झाडाचा प्रसार होण्यात पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचनचा वाटा मोठा आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाल्यावर हडपसर, मांजरी, लोणी काळभोर ही गावे मागे पडली की उरुळी कांचन लागते. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये येथे निसर्गोपचार केंद्र सुरू केले आणि त्याची धुरा मणिभाई देसाई यांच्याकडे आली. मणिभाईंनी १९६७ मध्ये भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच ‘बाएफ’, ही संस्था स्थापन केली. संकरित गोपैदाशीचा कार्यक्रम हाती घेतल्यावर साहजिकच चाऱ्याचा प्रश्न पुढे आला. त्यासाठी संस्थेने हवाई बेटांवरील उंच वाढणारे, ‘के-८’ या नावाने ओळखले जाणारे सुबाभळीचे वाण आणून त्याचा प्रसार केला. सार्वजनिक सेवेसाठी मणिभाईंना १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पानांतील रस शोषणाऱ्या सिलिड किडीने भारतातील सुबाभळीला मोठा उपद्रव दिला. तरीही पुण्याच्या पूर्वेकडील बांधांवर, ओढ्याकाठी आणि पडीक जागांत हे झाड आज मुबलक दिसते. त्याच्या शेंगा कोणी न पेरताच रुजतात, हा गुणही आहे आणि तक्रारही.

सुबाभळीच्या चाऱ्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, हा फुकटचा पौष्टिक चारा आहे. दुसरे, हा विषारी पाला आहे. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. नेमके काय घडते हे समजण्यासाठी पाल्यातील एका रेणूपासून सुरुवात करावी लागते.

मिमोसीन

मिमोसीन हे ॲमिनो अम्ल असले तरी प्राण्यांच्या प्रथिनांत ते आढळत नाही. त्याची रचना टायरोसीन या नेहमीच्या ॲमिनो अम्लाशी मिळतीजुळती आहे. टायरोसीनमध्ये जेथे कार्बनचे षट्कोनी वलय असते तेथे मिमोसीनमध्ये नत्रयुक्त वलय असते. सुबाभळीच्या पानांच्या शुष्क भारात त्याचे प्रमाण साधारणपणे २ ते ५ टक्के असते. कोवळ्या शेंड्यांत ते बरेच अधिक आढळते, आणि शेळी नेमके शेंडेच आधी खुडते.

मिमोसीन पेशींचे विभाजन रोखते. केसांच्या मुळाशी विभाजन सतत चालू असल्याने तेथे परिणाम लगेच दिसतो. घोडे व गाढवे यांनी हा पाला खाल्ला की त्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळतात, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकात या गुणाचा उलटा उपयोग करून, मेंढ्यांना मिमोसीन देऊन कात्रीशिवाय लोकर उतरवता येईल का, याचेही प्रयोग झाले.

केस गळणे हा मिमोसीनचा प्रत्यक्ष परिणाम आहे. त्याचा अवटू ग्रंथीशी संबंध नाही. पुष्कळ माहितीपत्रकांत या दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या आढळतात, म्हणून हा भेद मुद्दाम नोंदवला आहे. घोड्यासारख्या एकाच पोटाच्या जनावरात मिमोसीनचा त्रास प्रमुख असतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव मात्र मिमोसीनची बाजूची साखळी तोडून टाकतात. मागे राहते ते नत्रयुक्त वलय, म्हणजे ३-हायड्रॉक्सी-४-पिरिडोन. त्याला संक्षेपाने डीएचपी म्हणतात. पाने चावली किंवा सुकवली जात असताना झाडातीलच एक एंझाइमही हे विघटन काही प्रमाणात घडवून आणते. अशा रीतीने जनावर केसगळतीच्या विषापासून सुटते आणि दुसऱ्या विषाच्या ताब्यात जाते. हे दुसरे द्रव्य रवंथ करणाऱ्या जनावरांत गलगंड निर्माण करते, हे हेगार्टी आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

ग्रंथीतील क्रिया कोठे अडते

अवटू ग्रंथीची संप्रेरके बनण्याची रीत विलक्षण आहे. इतर अनेक ग्रंथी आपले संप्रेरक थेट घडवतात. अवटू ग्रंथी मात्र आधी एक प्रचंड प्रथिन रचते, त्यावर रासायनिक फेरबदल करते आणि मग त्या प्रथिनाचे तुकडे करून त्यातून लहानसे संप्रेरक वेगळे काढते.

या प्रथिनाचे नाव थायरोग्लोब्युलिन. त्याचा रेणुभार सुमारे ६,६०,००० असून त्याला शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. ग्रंथीतील सूक्ष्म पुटकांच्या पोकळीत ते साठवले जाते. रक्तातील आयोडाइड ग्रंथीच्या पेशी एका खास पंपाने आत ओढून घेतात. पुढे थायरॉइड पेरॉक्सिडेज हे एंझाइम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने त्या आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करून ते थायरोग्लोब्युलिनमधील टायरोसीनच्या वलयांना जोडते. मानवी थायरोग्लोब्युलिनमध्ये टायरोसीनचे सव्वाशेहून अधिक घटक असतात, परंतु त्यांपैकी थोड्यांनाच आयोडीन जोडले जाते आणि त्यांतूनही मोजकेच प्रत्यक्ष संप्रेरकात रूपांतरित होतात. आयोडीनचे दोन अणू जोडलेली दोन टायरोसीन वलये एकत्र आली की चार अणूंचे थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, तयार होते. एक अणू असलेले व दोन अणू असलेले वलय जुळले तर टी-३. ही जुळणीदेखील तेच पेरॉक्सिडेज करते. गरज पडेल तेव्हा पेशी थायरोग्लोब्युलिन परत आत घेऊन त्याचे विघटन करतात आणि टी-४, टी-३ रक्तात सोडतात.

डीएचपी अडथळा आणते ते आयोडीन प्रथिनाला जोडले जाण्याच्या पायरीवर. पंप चालू असतो, आयोडाइड ग्रंथीत येत असते, थायरोग्लोब्युलिनही तयार होत असते. पण जोडणी होत नाही. रक्तातील टी-४ उतरते, ते पाहून पोष ग्रंथी अवटू-उद्दीपक संप्रेरक अधिकाधिक सोडते, आणि त्या उद्दीपनाने अवटू ग्रंथी फुगत जाते. ग्रंथीत आधीचा साठा काही आठवडे पुरेल इतका असल्यामुळे हा बिघाड हळूहळू उघड होतो. पशुपालकाला पाला आणि आजार यांचा संबंध लवकर लागत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

येथे कोबीवर्गीय वनस्पतींशी तुलना उद्बोधक ठरते. त्या वनस्पतींपासून शरीरात थायोसायनेट निर्माण होते आणि ते आयोडाइडच्या पंपावर स्पर्धा करते. आयोडीनचा पुरवठा वाढवला की या स्पर्धेत आयोडाइड जिंकते. डीएचपीच्या बाबतीत तसे होत नाही, कारण अडथळा पंपाच्या पुढे आहे. म्हणून सुबाभळीने आलेल्या गलगंडावर आयोडीनयुक्त मिठाची वडी हा उपाय नव्हे. भारतात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचले. त्यामुळे गलगंड म्हणजे आयोडीनची उणीव हे समीकरण शाळेपासून मनात पक्के बसते. माणसांच्या बहुतेक प्रादेशिक गलगंडांबाबत ते खरेही आहे. सुबाभळीवर पोसलेल्या शेळीला मात्र ते लागू पडत नाही. महाराष्ट्राच्या खाण्यातील बाजरीतही पेरॉक्सिडेजला मंदावणारी काही द्रव्ये आढळली आहेत, पण त्यांचा प्रभाव आहारातील आयोडीन, एकूण पोषण आणि खाण्याचे प्रमाण यांवर अवलंबून असतो. बाजरीच्या भाकरीला त्यावरून बोल लावण्याचे कारण नाही.

ऊतींतील प्रथिनांवर परिणाम

टी-४ हे बहुतांशी साठ्याचे रूप आहे. ऊतींमध्ये त्यातील आयोडीनचा एक अणू काढून टाकला जातो आणि प्रभावी टी-३ बनते. हे काम करणाऱ्या डीआयोडिनेज एंझाइमांमध्ये सेलेनियमयुक्त ॲमिनो अम्ल असते. त्यांपैकी दुसऱ्या प्रकारचे डीआयोडिनेज मेंदूत आणि तपकिरी मेदात आढळते आणि त्याचे नियंत्रण प्रथिनांच्या फेरबदलाचा एक सुंदर नमुना आहे. टी-४ पुरेसे असते तेव्हा या एंझाइमाला युबिक्विटिन नावाचे लहान प्रथिन चिकटवले जाते. ती जणू मोडीत काढण्याची खूण असते आणि त्यानंतर एंझाइम नष्ट होते. टी-४ कमी पडले की खूण कमी लागते, एंझाइम अधिक काळ टिकते आणि असलेल्या थोड्याशा टी-४ पासून मेंदूला शक्य तेवढे टी-३ मिळत राहते. यामुळे विषबाधेच्या आरंभी मेंदूचा काही अंशी बचाव होतो, इतर ऊतींचा तितका होत नाही.

टी-३ पेशीकेंद्रातील ग्राहक प्रथिनांना बांधले जाते. हे ग्राहक संप्रेरक नसतानाही जनुकांवर बसलेलेच असतात. अशा वेळी ते सहदमनकारी प्रथिनांना जवळ ओढतात. त्यांच्यासोबत येणारे एंझाइम हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढून टाकते, डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि जनुक मुके राहते. टी-३ आले की ग्राहकाचा आकार बदलतो, सहदमनकारी दूर होतात, सहउद्दीपक येतात, हिस्टोनला ॲसिटिल गट पुन्हा जोडले जातात आणि जनुक वाचले जाऊ लागते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. संप्रेरक नसणे म्हणजे केवळ हालचाल थांबणे नव्हे. रिकामा ग्राहक जनुकांना सक्रियपणे दाबून ठेवतो. म्हणूनच संप्रेरकाची कमतरता ऊतींना इतकी जाचक ठरते.

हृदयात याचे परिणाम स्पष्ट दिसतात. हृदयपेशी आकुंचनानंतर सैल पडण्यासाठी कॅल्शियम परत साठवणीत खेचतात. त्या पंपावर फॉस्फोलॅम्बन हे लहान प्रथिन लगाम घालते, आणि त्या लगामाला फॉस्फेट गट जोडला गेला की तो ढिला होतो. अवटू संप्रेरक पंपाचे प्रमाण वाढवते, फॉस्फोलॅम्बनचे प्रमाण घटवते आणि त्याला फॉस्फेट जोडले जाण्यास अनुकूल स्थिती निर्माण करते. संप्रेरक कमी असलेल्या जनावरात याच्या उलट घडते: हृदय मंद गतीने चालते आणि सावकाश सैल होते. उंदरांसारख्या लहान प्राण्यांत तर हृदयस्नायूतील मायोसिनचा वेगवान प्रकार मागे पडून संथ प्रकार पुढे येतो.

स्नायूंतील प्रथिनांची घडण आणि मोडतोड या दोन्ही क्रिया अवटू संप्रेरकावर अवलंबून असतात. संप्रेरक कमी असताना दोन्ही मंदावतात, आणि वाढत्या वयाच्या जनावरात घडण मंदावणे म्हणजे वजन न भरणे. संप्रेरक अतिरिक्त असताना मोडतोड घडणीच्या पुढे जाते व स्नायू झिजतात. पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियम पंप, मायटोकाँड्रियातील श्वसनसाखळीची प्रथिने, नवजात प्राण्याच्या मेंदूत चेतातंतूंना वेष्टण देणारे मायलिन, या सर्वांची निर्मिती योग्य प्रमाणात राहण्यासाठी टी-३ लागते.

महाराष्ट्रातील संशोधन

अवटू संप्रेरकांच्या अभावी ऊतींचे काय होते, यावर महाराष्ट्रातील प्रयोगशाळांतही मूलभूत काम झाले आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील कत्यारे, जोशी, फत्तरपेकर आणि श्रीनिवासन यांनी १९७७ मध्ये अवटू-न्यूनतेचा उंदरांच्या यकृत, मूत्रपिंड व मेंदू यांच्या मायटोकाँड्रियातील ऊर्जानिर्मितीवर होणारा परिणाम तपासला. एकाच संप्रेरकाचा अभाव वेगवेगळ्या अवयवांत काय घडवतो, हे शेजारी ठेवून पाहण्यात या कामाचे मोल आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की प्रौढ उंदरांत अवटू-न्यूनता आली तर मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात नव्या चेतापेशी टिकून राहण्याचे व प्रगल्भ होण्याचे प्रमाण घटते.

अशा प्रयोगांत प्राण्यांमध्ये अवटू-न्यूनता आणण्यासाठी बहुधा ग्रंथी काढून टाकतात किंवा मेथिमेझोल, प्रोपिलथायोयुरॅसिल यांसारखी औषधे पाण्यातून देतात. ही औषधेही आयोडीनच्या जोडणीवरच आघात करतात. प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर जे केले जाते, तेच बांधावरचे झाड शेळीच्या बाबतीत नकळत करीत असते. त्यामुळे या प्रयोगांचे निष्कर्ष पशुपालनाला परके नाहीत.

लक्षणे

भूक मंदावणे, लाळ गळणे, केस विरळ होणे, मरगळ, अन्ननलिकेत व्रण आणि वजन न वाढणे ही विषबाधेची सर्वसाधारण लक्षणे होत. गळ्याची सूज सर्वच जनावरांत डोळ्यांना दिसत नाही. रक्तातील टी-४ तपासल्यावरच न्यूनता कळते. गाभण जनावरांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सुबाभळीवर पोसलेल्या गाईंना गलगंड असलेली व दुबळी वासरे झाल्याच्या नोंदी आहेत. प्रौढ जनावर तीव्र विषबाधेने क्वचितच दगावते, पण वाढ खुंटलेले करडू बाजारात कमी भावाने जाते, आणि दोन-चार शेळ्यांवर ज्या घराचा खर्च चालतो तेथे हे नुकसान मोठे असते. कारण दिसत नसल्याने दोष बहुधा जंतांना किंवा जातीला दिला जातो.

हवाईच्या शेळ्या

ऑस्ट्रेलियात सुबाभळीने जनावरे आजारी पडत होती, तर हवाई बेटांवर तोच पाला खाऊन शेळ्या धडधाकट होत्या. हा विरोधाभास रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने उलगडला. हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटात डीएचपीचेही विघटन करणारे जीवाणू असावेत, असा तर्क त्याने १९८१ मध्ये मांडला. पुढे हवाईच्या शेळ्यांपासून मिळवलेले जीवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडण्यात आले आणि ती जनावरे सुबाभळीला सरावली. एका जनावरात सोडलेले जीवाणू कळपातील इतरांतही पसरतात, असे आढळले. यांतील एका जीवाणूला १९९२ मध्ये ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ असे नाव देण्यात आले. त्यात जोन्सच्या नावाची आठवण आहे. कोठीपोटातील रस पाजून रोग टाळण्याचा हा प्रकार पशुपोषणाच्या इतिहासातील यशस्वी प्रयोगांत गणला जातो.

अलीकडे या कथेला पुरवणी जोडली गेली आहे. इंडोनेशियात वर्षानुवर्षे सुबाभूळ खाणाऱ्या गुरांच्या मूत्रात डीएचपी भरपूर आढळते, पण त्यातील मोठा भाग यकृताने ग्लुक्युरोनिक अम्लाशी जोडून निष्प्रभ केलेला असतो. म्हणजे जीवाणूंच्या जोडीला जनावराचे स्वतःचे यकृतही संरक्षण देते, असे काही संशोधकांचे प्रतिपादन आहे.

आहारातील प्रमाण आणि प्रक्रिया

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या एकूण शुष्क आहारात सुबाभळीचा वाटा साधारणपणे ३० टक्क्यांपर्यंत ठेवावा, असा संकेत रूढ आहे. कोंबड्या, डुकरे, ससे यांच्यासाठी मर्यादा याहून बरीच खाली, ५ ते १० टक्क्यांच्या आसपास आहे. घोड्यांना हा पाला न देणेच इष्ट. व्यवहारात अडचण येते ती उन्हाळ्यात. गवत संपते, कडबा महागतो आणि हिरवे असे सुबाभूळच उरते. नेमक्या त्याच काळात ३० टक्क्यांची मर्यादा पाळणे सर्वांत कठीण असते. निदान गाभण शेळ्यांना आणि करडांना केवळ याच पाल्यावर ठेवू नये. पाला पहिल्यांदा देताना मात्रा थोडीथोडी वाढवावी, म्हणजे कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना सवय होण्यास अवधी मिळतो.

पाला सुकवल्याने किंवा तापवल्याने मिमोसीन कमी होते आणि पाण्यात भिजवल्यास त्याचा काही भाग निघून जातो. मात्र मिमोसीन कमी झाले याचा अर्थ विष संपले असा नाही. सुकताना त्याचे डीएचपीत रूपांतर होत असल्याने रवंथ करणाऱ्या जनावरांना या प्रक्रियेचा लाभ मर्यादितच असतो. लोहाचे क्षार खाद्यात मिसळण्याचा उपायही अभ्यासला गेला आहे. मिमोसीन आणि डीएचपी यांच्या वलयावर ऑक्सिजनचे दोन अणू अशा स्थानी असतात की ते लोहाला चिमट्यासारखे पकडतात. लोहाशी बांधलेले मिमोसीन आतड्यातून कमी शोषले जाते. योगायोग असा की थॅलसेमियाच्या रुग्णांच्या शरीरातील जादा लोह काढणारे डेफेरिप्रोन हे औषध याच रासायनिक कुळातील आहे, आणि ते भारतात १९९०च्या दशकात मुंबईच्या सिप्ला कंपनीने बाजारात आणले.

बाधित जनावराचा सुबाभळीचा पाला बंद करून दुसरा चारा सुरू केल्यास डीएचपी मूत्रावाटे निघून जाते, आयोडीनची जोडणी पुन्हा सुरू होते आणि रक्तातील टी-४ क्रमाने पूर्वपदावर येते. गळलेले केसही परत येतात. वाढीच्या वयात हुकलेले वजन मात्र प्रत्येक वेळी पूर्णपणे भरून निघत नाही.